मेंढ्याच्या शिंगाचं हँडल

मी हँडल बोलतोय. हो, हो, सायकलचं हँडल. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढं जागा मिळायची नाही.

सायकल बघायला आलेला माणूस टायर दाबतो, सीटवर थाप मारतो, घंटी वाजवून पाहतो. माझ्याकडं ढुंकूनही बघत नाही. पण बसला की धरतो मलाच! तो घाबरला, चिडला, हरखला की सगळ्यांआधी मला कळतं, कारण त्याचे तळवे माझ्यावर असतात. ही गोष्टही मी बरीचशी तळव्यांवरूनच सांगणार आहे. ती दुर्गाची आहे आणि तिच्या बापाची, जंगूची. मोहर्लीच्या अलीकडं, जंगलाला लागून त्यांचं गाव आहे.

माझा जन्म लुधियान्याचा. जन्मलो तेव्हा सरळ नळी होतो. मग एका यंत्रात घालून मला दोन्ही बाजूंनी पुढं आणि खाली वळवलं. दुखलं का, असं कोणी विचारलं नाही. नागपूरच्या एका कॉलेजकुमारानं हौसेनं सायकल बांधून घेतली, तिच्यावर मी बसलो. त्यानं माझ्यासोबत पुष्कळ फोटो काढले आणि सायकल फार थोडी चालवली. पाठ दुखते म्हणाला, मोटारसायकल घेतली, आणि आम्हाला विकून मोकळा झाला.

घेतलं ते चंद्रपूरच्या प्रफुल्ल सरांनी. सर एका शाळेत खेळाचे मास्तर. घुग्घुसच्या ट्रकांची धूळ खात सायकल शिकलेला माणूस, सायकलीच्या शर्यतींचं वेड डोक्यात घेऊन बसलेला. त्यांनी सायकल सुटी करून ठेवली, आणि त्यांच्या खोलीत मी कितीतरी दिवस खिळ्याला लटकून होतो.

त्या वर्षी चामोर्शीला सायकलची शर्यत झाली. दुर्गा नावाची एक पोरगी बापाच्या काळ्या, जड, दूधवाल्याची असते तशा सायकलवर बसून आली आणि गिअरवाल्या पोरींना मागं टाकून पहिली आली. सर तिच्या घरी गेले. म्हणाले, हिला गोल ट्रॅकवरच्या शर्यतीला तयार करतो, पुण्याला राज्याची निवड आहे, हिच्या पायात ते आहे. घरात कोणी गोल ट्रॅक पाहिला नव्हता. पण पोरगी ऐकताना उभीच्या उभी राहिली होती, असं सर नंतर सांगायचे.

मग एका रविवारी बापलेक सरांच्या खोलीवर आले. सर आमचीच सायकल दुर्गासाठी पुन्हा बांधत होते, तिला हँडल निवडायचं होतं.

आमची सायकल कशी होती ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तिला फिक्स सायकल म्हणतात. तुमच्या साध्या सायकलीत पाय थांबवले तरी चाक टिकटिक करत आपलं आपण फिरतं. फिक्समध्ये तसं नाही. चाक फिरतंय तोवर पाय फिरणार, उतार असो की चढ. पाय आवरले तर चाक आवरतं. आणि टिकटिक अजिबात नाही. चालली तर कुत्र्यालासुद्धा कळत नाही.

सरांनी तीन हँडलं जमिनीवर मांडली. एक सरळ, दांड्यासारखं. एक बैलाच्या शिंगांसारखं पुढं आलेलं. तिसरा मी. सरांनी दोरीनं दुर्गाच्या खांद्यांची रुंदी घेतली आणि तीच दोरी आमच्यावर धरली. सरळ हँडल रुंद निघालं, त्यानं छाती उघडी पडते आणि वारा अडतो. बैलाच्या शिंगांना खाली धरायला जागाच नव्हती. माझ्यावर दोरी बरोब्बर बसली. बाप्पा, काय सांगू! इतके दिवस लटकून माझं मन गंजलं होतं, ते त्या दोरीनं लख्ख झालं.

दुर्गानं मला उचललं. तळवे घट्ट्याचे होते, धानाच्या पेंढ्या बांधणारे. तिनं मला सोडलंच नाही.

जंगू दाराशी उकिडवा बसला होता. म्हणाला, "हे कायचं हँडल होय सर? मेंढ्याची शिंगं दिसून राह्यली."

"हे धरून वाकून चालवायचं असते, जंगूभाऊ. वारा कमी लागते."

"वाकून?" तो उठून उभा राहिला. "सर, आमच्या रोडनं कोनी वाकत नाई. उभा मानूस जनावराले समजते. वाकला का मंग त्याले मानूस नाई दिसत, चितळ दिसते. हिची मावशी मोहफुलं वेचता वेचता गेली. उभी असती तं आज राह्यली असती."

तिकडं रस्त्यावर वाघाला वाघ म्हणत नाहीत. जनावर म्हणतात.

मोठ्या शहरातला माणूस असता तर हसला असता. सर हसले नाहीत. डोकं खाजवून म्हणाले, "असं करू. मी याले एकाच बोल्टवर बसवतो. गावापासून जंगलाच्या नाक्यापर्यंत शिंगं वर करून यायचं, ताठ बसून. नाका ओलांडला का बोल्ट ढिला करायचा, शिंगं खाली, आन् मंग सराव. परत जाताना पुन्हा वर."

जंगूनं पोरीकडं पाहिलं. पोरगी माझ्याकडं पाहत होती. तो म्हणाला, "चालते."

सरांनी मला स्टेमच्या, म्हणजे हँडल पकडून ठेवणाऱ्या आखूड दांडीच्या, तोंडात बसवलं. टोकापासून मधल्या भागाकडं थोडी थोडी वर चढवत टेप गुंडाळली, टोकांना बुचं ठोकली, पुढच्या चाकाला एक ब्रेक जोडला. दुर्गाला सीटवर बसवून कोपर किती वाकतो, मान किती उचलावी लागते, ते चारी बाजूंनी पाहिलं. दोनदा मला काढलं, दोनदा बसवलं. मग बोल्ट फिरवायची चावी तिच्या हातात दिली.

ते दिवस फार चांगले होते. उजाडलं की बापलेक निघायचे. जंगू जंगलखात्यात रोजंदारीवर होता, त्याचं काम नाक्याकडंच असायचं. माझी शिंगं वर, दुर्गा ताठ, शेजारी बाप त्याच्या काळ्या सायकलवर. तो सारखा मोठ्यानं बोलायचा, कारण आवाज असला की जनावर बाजूला होतं. गावच्या झिंगूचा बैल लग्नाच्या मांडवात कसा घुसला, ही गोष्ट तर त्यानं रोज सांगितली.

"बाबा, जंगलातल्या साऱ्या जनावराईले झिंगूचा बैल पाठ झाला असन," दुर्गा म्हणायची.

"होऊ दे ना. पाठ झाला म्हनजे ते बी आयकून राह्यले, आन् दूर बी हायेत."

नाक्यावर तो आपल्या वाटेनं जायचा. दुर्गा चावी काढायची, मला खाली फिरवायची, आणि मग काय विचारता! सर मोटारसायकलवर पुढं आणि आम्ही त्यांच्या मागं, पाठ सपाट, रस्ता नुसता खाली ओढून घेतल्यासारखा. तिचे तळवे तेव्हा गाणं म्हणायचे. मला त्याच्यासाठीच वाकवलं होतं, हे मला तिथं कळलं.

पण रोज ढिला, रोज घट्ट. लोखंडालाही किती सोसवतं? बोल्टचे आटे झिजले, स्टेमची पकड गेली. एके दिवशी तिनं सारा जीव लावून जोर काढला आणि मी तिच्या हाताखाली गर्रकन फिरलो. ती तोंडावर पडली. हनुवटी फुटली, कोपर सोलला.

सरांनी नवा स्टेम आणि नवा बोल्ट आणला. बसवता बसवता म्हणाले, "दुर्गा, आता एक काय ते ठरव. वर नाईतं खाली. हा खेळ रोज केला तर पुण्याच्या ट्रॅकवर हे असंच सरकंन, आन् तिथं पडली तर उठायले वेळ नाई."

निवड होळीनंतर होती. त्या संध्याकाळी घरात माझ्यावरून भांडण झालं. मी अंगणात भिंतीला टेकून ऐकत होतो.

"साऱ्या पोरी खाली वाकूनच येतीन," दुर्गा म्हणाली. "मी एकटीच काऊन उभी राहू? मले एक डाव तं जाऊ द्या. एकच डाव."

दुर्गाची आई सुकरीबाई चुलीपुढं होती. ती म्हणाली, "तुले काय पाह्यजे ते मले समजते. तुह्या बापाले कायचं भेव हाय ते बी समजते. माही बहीण गेली थे का मी इसरली? मी कोनाच्या बाजूनं बोलू, सांग?"

जंगू उठून बाहेर आला. मला वाटलं, आता हा मला उपटून फेकतो. त्यानं पाना घेतला, आपल्या काळ्या सायकलीची घंटी काढली आणि माझ्यावर बसवली. जुनी पितळी घंटी, आवाज खणखणीत.

"तुही सायकल चूप हाय," तो दुर्गाला म्हणाला. "चूप आन् वाकलेली, हे दोन्ही संगं नाई जमत. वळन आलं का वाजवजो. मी मांगून 'हो' म्हनीन. 'हो' आयकू आला का पुढं जाजो. 'हो' आला नाई तं थांबजो. मी येऊस्तोवर थांबजो."

"आन् तुमच्या सायकलीले घंटी?" सुकरीबाईनं दारातून विचारलं.

"माहं तोंड हाय ना."

पोरगी हसली. त्यानं तिच्या हनुवटीच्या टाक्याला बोट लावून पाहिलं आणि आत गेला.

दुसऱ्या दिवसापासून माझी शिंगं खाली, कायमची. दुर्गा पुढं, जंगू मागं. वळणावर तिनं घंटी वाजवली की मागून यायचं, "होऽऽ!" सागाच्या रानातून तो आवाज असा यायचा की माझी नळी भरून जायची. ती पाय आवरून, वेग उतरवून 'हो' ऐकायची, मगच सुटायची.

पण वाकलेली पोरगी आणि उभा बाप एका वेगानं कसे जाणार? अंतर वाढत गेलं. 'हो' बारीक होत गेला. सफारीच्या जिप्सी गाड्या सकाळी मोहर्लीकडं निघायच्या. त्यातले पाहुणे वळून बघायचे, मागं ओरडत येणाऱ्या म्हाताऱ्याचा व्हिडिओ काढायचे. दुर्गाला लाज वाटायची. तळव्यांना घाम यायचा, मला तो कळायचा.

सर म्हणाले होते, नाक्यापर्यंत येतानाच अंग गरम करून ये. त्यांना हे घंटीचं काही ठाऊक नव्हतं.

आधी ती 'हो' ऐकून मग पाय दाबायची. मग 'हो' येता येता दाबायला लागली. मग घंटी वाजवली की काम झालं, असं व्हायला लागलं. एवढंच झालं. याहून जास्त काही नाही. माणसं देवापुढची घंटी वाजवूनही लगेच वळतातच की.

त्या दिवशी मोह गळायला लागला होता. सकाळच्या हवेला तो गोड, जड वास होता. अंगणातून निघतानाच जंगू म्हणाला, "आज जरा सावकाश चाल. माही चेन उतरून राह्यली सारखी."

"बाबा, तुमी घरीच राहा ना मंग! सर नाक्यावर उभे राह्यतीन. मी काय लहान हाओ?"

"चाल, चाल. बोलत बसू नोको."

ती चिडून निघाली. मला इतकं आवळून धरलं होतं की टेप दबली. पहिलं वळण. घंटी. "होऽऽ!" दुसरं वळण. घंटी. "होऽ!" लांबून, पण आला. मग तो नाल्याचा पूल, जिथं दोन्हीकडून झाडं खाली येतात. तिनं घंटी वाजवली.

'हो' आला नाही.

तळव्यांची पकड किंचित सैल झाली. पायांनी चाक मागं धरलं, वेग उतरला. ते सगळं माझ्यात आलं. ती थांबणार होती. मी सांगतो ना, ती थांबणारच होती! मग अंगठा पुन्हा आवळला. चिडला असेल, तिला वाटलं असेल. दमला असेल. चेन बसवत असेल. तिनं मान खाली घातली आणि जोर काढला.

नाक्यावर ती उतरली आणि मागं बघत उभी राहिली. घंटी वाजवली. पुन्हा वाजवली. मग सारखी वाजवत राहिली. नाक्यावरचा शिपाई म्हणाला, "काय झालं बाई?" तिनं सायकल वळवली. सर आले तेव्हा ती परत जंगलात शिरली होती. ते ओरडत मागं आले.

पुलाच्या पलीकडं जंगूची सायकल स्टँडवर उभी होती. नीट, सरळ उभी. चेन दातांवर अर्धी चढलेली. एक चप्पल तिथं होती. पायडल अजून हळूहळू फिरत आहे की काय, असं वाटावं इतकं सगळं आत्ताचं होतं.

चेन बसवायची तर माणसाला खाली बसावंच लागतं. दुसरा उपायच नाही. साऱ्या गावाला वाकू नका, वाकू नका म्हणणारा माणूस रस्त्याच्या कडेला वाकून बसला होता. हात तेलाचे, तोंड बंद, कारण चेन बसवताना माणूस बोलत नाही. आणि घंटी माझ्यावर होती.

सरांनी दुर्गाला मागं ओढलं, नाहीतर ती सागात शिरली असती. जंगलखात्याची माणसं आली, गावची माणसं काठ्या, डबे वाजवत आली. तो नाल्याच्या वरच्या अंगाला सापडला. कसा, ते मी सांगणार नाही. तिनं पाहिलं, तेवढं पुरे.

गावात लोक बोलले. कोणी म्हणालं, पोरीच्या शर्यतीनं बाप खाल्ला. सुकरीबाई रडता रडता उठली आणि अंगणात येऊन साऱ्यांसमोर म्हणाली, "माह्या पोरीले कोनी बोलायचं नाई. घंटी त्यानं आपल्या हातानं काहाडून देल्ली. मी पाह्यलं. बहीण देल्ली, नवरा देल्ला, आता पोरगी बी बोलून मारता काय?" लोक निघून गेले.

पण पोरीला बोलायला बाहेरचं कोणी लागत नव्हतं. ती रात्रंदिवस एकच म्हणायची, "त्याईनं सांगतलं होतं. 'हो' आला नाई तं थांबजो म्हनून सांगतलं होतं." सुकरीबाई तिचं डोकं मांडीवर घ्यायची.

निवडीसाठी पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी सर आले. अंगणात उभे राहिले, त्यांना बसवेना. म्हणाले, "मी जबरदस्ती नाई करत. पण जंगूभाऊले वाटलं असतं का..."

"सर, ते बोलू नोका," दुर्गा म्हणाली.

तिनं चावी आणली. बोल्ट ढिला केला आणि मला फिरवलं. शिंगं वर. मग दोन्ही हातांनी चावी दाबून बोल्ट असा आवळला की स्टेम करकरला. सरांनी मोटारसायकल ढकलतच फाटकाबाहेर नेली.

मला तिचा राग आला. खरं सांगतो, फार राग आला. मला ट्रॅक हवा होता. मला वाकवलंय कशासाठी? खाली तोंड करून वाऱ्यात घुसण्यासाठी! आणि ही मला कायमचं आभाळाकडं तोंड करून ठेवते! वर्षभर मी अंगणात तसाच उभा राहिलो, टेप उन्हानं सुकली, कोंबड्या माझ्यावर बसल्या. दुर्गानं मला हात लावला नाही.

पुन्हा मोह गळायला लागला. मोह वेचल्याशिवाय त्या गावाचं वर्ष जात नाही. भीती असली तरी टोपल्या घेऊन जावंच लागतं. सुकरीबाईनं टोपली काढली. दुर्गानं ते पाहिलं, टायरमध्ये हवा भरली, घंटीवरची धूळ ओढणीनं पुसली, आणि बायांच्या पुढं निघाली.

आता रोजचं असं आहे. ती पुढं, ताठ बसून, पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगानं. मागं बाया. वळण आलं की ती थांबते, पण पाय खाली टेकत नाही. फिक्स सायकल पायडलवर जरा पुढं, जरा मागं दाब देत जागच्या जागी उभी ठेवता येते. ट्रॅकवर शर्यत सुटण्याआधी लागतं म्हणून सरांनी तिला शिकवलं होतं. ती तशी उभी राहते, मी तिच्या हातात थरथरतो, आणि ती घंटी वाजवते. मागून बाया "हो" म्हणतात. सगळ्यांचा एकत्र चालत नाही, प्रत्येकीचा वेगळा पाहिजे. त्यांच्यातली कोलूची बायको हळू बोलते, तर तिला पुन्हा म्हणायला लावते. मोह वेचतानाही ती झाडाखाली घंटी वाजवत राहते. वाकलेल्या बाया मान वर करून "हो" म्हणतात आणि पुन्हा वाकतात.

माझा राग गेला, असं मी म्हणणार नाही. कधी एखादा उतार लागला की मला अजून ते आठवतं. तिलाही आठवत असावं, कारण उतारावर तिचे तळवे माझ्यावरून नकळत पुढं सरकतात, खाली धरायची जागा शोधतात. तिथं आता काही नाही. मग ती हात परत आणते.

नाल्याच्या पुलावर मात्र वेगळं होतं. तिथं ती एकदा घंटी वाजवते आणि उभी राहते. मागच्या बाया गप्प राहतात. सुकरीबाईही गप्प राहते, टोपली कमरेवर घेऊन खाली बघत. दुर्गा थांबते. बराच वेळ थांबते. तिचे तळवे माझ्यावर अगदी हलके असतात, ऐकत असतात. मग सुकरीबाई म्हणते, "चाल, पोरी," आणि आम्ही निघतो.

माझं फार मागणं नाही. टेप नवी नको, तेल नको. तुम्ही कधी मोहर्लीच्या रस्त्यानं आलात, जंगल बघायला, जनावर बघायला, आणि वळणावर एक जुनी पितळी घंटी वाजली, तर गाडीची काच खाली करा आणि मोठ्यानं "हो" म्हणा. कोण वाजवतंय ते माहीत नसलं तरी म्हणा. व्हिडिओ नंतर काढा.

फक्त पुलावर म्हणू नका. तिथं ती तुमच्या 'हो'ची वाट बघत नाही.